पाच रिकामी घरटी: साताऱ्यातल्या एका परसाचं प्रकरण

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. साल 2022. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ती म्हणाली, "त्या चिमण्यांच्या पेट्या काढून टाकू का रे? सात महिने झाले. एकीत पिल्लं मेली, बाकीच्यांकडे पाखरू फिरकलं नाही. येताजाता दिसतात आणि जीव कासावीस होतो."

पेट्या लावायला मीच सांगितलं होतं. फोनवरच. कोणत्या घे, कुठल्या भिंतीवर लाव, किती उंच, यातलं काही बोललो नव्हतो. मार्चमधल्या चिमणी दिनाला सगळीकडे कृत्रिम घरटी वाटतात, तीही घेऊन आली आणि जागा दिसेल तिथे लावून मोकळी झाली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घरट्याबरोबर कुणी चार ओळींचा कागदसुद्धा देत नाही. पुढची दोन वर्षं त्या परसात जे घडलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण अशा रिकाम्या पेट्या मला गावोगाव दिसतात आणि बहुतेक ठिकाणी कारणं हीच असतात.

घर आधीचं आणि आताचं

मावशीचं घर साताऱ्याच्या जुन्या वस्तीत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. 2019 पर्यंत ते कौलारू होतं. मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, पुढे पडवी, मागे परस. तुळई भिंतीत शिरते तिथे हात जाईल एवढी फट, आणि अशा प्रत्येक फटीत चिमण्यांचा संसार. देवघरातल्या फोटोंमागे गवताच्या काड्या लोंबायच्या. पडवीतल्या आरशावर एक चिमणा रोज सकाळी चोची मारत बसायचा, मावशी आरशावर टॉवेल टाकायची. लहानपणी आम्ही भाचरं तिथे सुट्टीला जायचो तेव्हा पहाटे गजराची गरज नसायची.

ते घर पाडून तिथे स्लॅबचा बंगला उभा राहिला. 2020 च्या दिवाळीत वास्तुशांत झाली. भिंती गुळगुळीत, खिडक्या सरकत्या, त्यांना डासांची जाळी. घर चांगलं आहे, मावशी-काकांना या वयात सोयीचं आहे. पण आतबाहेर फिरून बघा, चिमणीचं अंग शिरेल एवढी फट सबंध वास्तूत सापडत नाही. परस तसंच राहिलं, आंबा राहिला, पेरू राहिला, विहिरीचा कठडा राहिला, रोज दाणे टाकणारी मावशीही राहिली. गेली ती फक्त भोकं, आणि त्यांच्याबरोबर चिमण्या.

'चिमण्या मोबाईलच्या टॉवरमुळे गेल्या' असं सगळीकडे छातीठोकपणे सांगितलं जातं. पण देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून 2020 मध्ये भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, त्यात चिमणीची संख्या देशात एकूण स्थिर दिसते, मोठ्या महानगरांत मात्र ती हळूहळू घटते आहे. साताऱ्यासारख्या गावात तर हे डोळ्यांनी दिसतं. पेठेतल्या जुन्या वाड्यांवर चिमण्या आहेत, शेजारच्या नव्या इमारतीवर नाहीत. दोन्हींवर आकाश एकच, टॉवर तोच. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी काम उभं केलं आणि 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन झाला, तेव्हापासून घरट्यांच्या पेट्या घराघरांत पोचल्या. हे मोठंच काम आहे. पेटी ही त्या गेलेल्या भोकाची भरपाई आहे, हे मात्र लावणाऱ्यापर्यंत पोचायला हवं.

पाच पेट्यांची पाहणी

दिवाळीला मी साताऱ्याला गेलो. फराळाची बशी हातात घेऊनच घराभोवती चक्कर मारली.

पाचवी पेटी आधी सांगून टाकतो, कारण ती उरलीच नव्हती. पुठ्ठ्याची होती, जूनच्या पहिल्या आठवड्यात लगदा झाला. चौथं होतं मातीचं मडकं, पार्किंगच्या स्लॅबला हुकावर टांगलेलं. वाऱ्याने ते गरगर फिरायचं. सुगरण आपलं झुलतं घरटं स्वतः विणते आणि तिची पिल्लं झुलतच वाढतात, पण चिमणीला स्थिर भिंत लागते. डोलणाऱ्या वस्तूत ती अंडी घालायला सहसा राजी होत नाही. तिसरी पेटी गॅलरीत, एसीच्या बाहेरच्या यंत्रापासून दीड हातावर. उन्हाळाभर तिच्यावर गरम वाफारा.

दुसरी आंब्याच्या खोडावर खिळ्यांनी ठोकलेली, माझ्या छातीच्या उंचीवर, कंपाउंडच्या भिंतीपासून एक उडी. त्या भिंतीवरून मांजरांचा राबता. पेटीच्या भोकाखाली एक छानशी लाकडी दांडी होती, पक्ष्याला बसायला म्हणून. ही दांडी जवळजवळ प्रत्येक विकतच्या पेटीला असते आणि ती नसावी. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला दांडी लागत नाही, तो सरळ भोकाच्या कडेला पंजे रुतवतो. दांडीचा उपयोग होतो तो कावळ्याला. तिच्यावर निवांत बसून तो आत चोच घालू शकतो. शिवाय भोक चांगलं दोन इंचांचं होतं, म्हणजे चोचच काय, मानही जाईल.

आणि पहिली. गच्चीच्या जिन्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर. प्लायवूडची, बंगल्यासारखी, लाल-निळ्या रंगाची, वर चकचकीत पत्र्याचं उतरतं छप्पर. पिल्लं मेली ती हीत. मावशीने सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये जोडी आली, काड्या नेल्या, पिल्लं झाली. आवाज जिन्यात यायचा. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी आवाज अगदी वाढला, तीन-साडेतीनपर्यंत चालू होता. मग थांबला. तिला वाटलं, झोपली असतील. दुसऱ्या दिवशी चिमणी चोचीत अळी घेऊन भोकाशी येत होती, आत डोकवायची, परत तारेवर जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी काकांनी पेटी उतरवली. तीन पिल्लं, पिसं नुकती फुटलेली, तिघांच्याही माना भोकाच्या दिशेला ताणलेल्या.

मी गेलो तेव्हा ऑक्टोबरचं ऊन होतं. दुपारी तीनला शिडी लावून चढलो आणि त्या पत्र्यावर तळहात टेकला. दहा आकडे मोजेपर्यंतसुद्धा ठेवता येईना. प्लाय जेमतेम दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, वायुवीजनाला एकही भोक नाही. सबंध दुपारभर पश्चिमेचं ऊन त्या भिंतीवर असतं, शिवाय तापलेली भिंत मागून पेटी भाजते ती वेगळीच. एप्रिलअखेरीला आत काय झालं असेल ते समजायला आणखी काही लागलं नाही. मावशी खाली शिडी धरून उभी होती. "काय रे, उन्हानेच ना?" म्हणाली. मी हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

अशी पेटी नसती तर बरं झालं असतं, हे मी आता स्पष्ट सांगतो. घर शोधणाऱ्या चिमणीला ती फसवते. दुसरीकडे कुठे फट सापडली असती तिथे ती गेली असती.

दोन सकाळी नुसतं बसून

पेट्या काढल्या, पण लगेच नवीन आणल्या नाहीत. आधी दोन दिवस सकाळी साडेसहा ते नऊ मागच्या ओट्यावर बसलो. कुठलीही पेटी घेण्याआधी एवढं करावं, अशी माझी प्रत्येकाला विनंती असते. आपल्या परसात आज कोण येतं, ते कुठे राहतं, आणि त्यातल्या कुणाला ढोली लागते, हे कळल्याशिवाय मापच ठरत नाही.

बुलबुलांची जोडी होती, शिंपी होता, शिंजीर जास्वंदीवर होता, होले दाण्यांवर. यांच्यापैकी एकालाही पेटी नको. बुलबुल झुडपात वाटी बांधतो, शिंपी पानं शिवतो, शिंजीर लोंबतं घरटं करतो, होला चार काड्या टाकून मोकळा होतो. मावशीला वाटायचं की शिंजीर वाळत घालायच्या तारेला घरटं टांगतो म्हणजे त्याला पेटी पसंत पडली नाही. त्यांच्यासाठी दाट झुडूप राखणं हीच मदत, आणि मधुमालतीचा भला मोठा वेल तिच्याकडे होताच. फक्त तो मार्च-एप्रिलमध्ये छाटायचा नाही, एवढं ठरवलं.

ढोली लागणारे तिघे दिसले. साळुंक्या, भरपूर. दयाळ, एक जोडी, नर विहिरीच्या कठड्यावर शेपटी उडवत. आणि चिमण्या. त्या दाणे खायला येत होत्या आणि दर वेळी एकाच दिशेला परत जात होत्या: शेजारचं घर. ते अजून कौलारू. त्यांच्या वळचणीला नर ओरडत बसलेले, मी पाच नर मोजले. त्या घराच्या अंगणात मऊ माती होती, तिच्यात चिमण्या धूळस्नान करत होत्या.

दुपारी शेजारचे काका भेटले. त्यांचंही ठरलं होतं. उन्हाळ्यात घर पाडायचं, नवं बांधायचं.

आता प्रश्न बदलला. मावशीच्या घरी चिमण्या 'परत आणायच्या' नव्हत्या. भिंतीपलीकडे त्या राहतच होत्या, आणि सहा-सात महिन्यांत बेघर होणार होत्या. त्याच्या आत त्यांच्या उडण्याच्या टप्प्यात, त्यांच्या मापाची भोकं तयार असायला हवी होती. चिमणी वस्तीने राहते, जन्मल्या ठिकाणापासून फार लांब जात नाही. म्हणून शेजारी वस्ती असेपर्यंत पेटी लावली तर ती लागते. वस्ती उठून पाच वर्षं झाल्यावर लावलेली पेटी रिकामी राहिली तर त्यात नवल नाही.

वेळेचंही बोलून ठेवतो. 20 मार्चला पेट्या वाटण्याची पद्धत पडली आहे, पण आपल्याकडे चिमणे जानेवारी-फेब्रुवारीतच जागा धरायला लागतात. मार्चअखेरीला लावलेली पेटी पहिल्या विणीला उशिरा पोचते आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडी सापडते. पेट्या दिवाळीच्या सुमारास लावाव्यात. थंडीत त्या मुरतात, लाकडाचा वास जातो, पक्षी दोन-अडीच महिने येताजाता बघतात.

मिस्त्रींकडे

मावशीच्या ओळखीचे एक सुतार होते. त्यांना मी कागदावर आकृती दिली, त्यांनी ती सुतांत मांडून घेतली. पॅकिंगच्या खोक्यांच्या पाऊण इंची फळ्या त्यांच्याकडे पडून होत्या, त्याच वापरल्या. प्लाय नको म्हटलं, कारण पावसात त्याचे पापुद्रे सुटतात, आणि पातळ लाकूड ऊन अडवत नाही.

चिमणीची पेटी अशी: तळ आतून साडेपाच इंच चौरस. उंची मागे दहा इंच, पुढे नऊ, म्हणजे छपराला पुढे उतार. छप्पर पुढे तीन इंच बाहेर. भोक सव्वा इंचाचं, गोल, आणि तळापासून निदान पाच इंच वर. ही खोली फार महत्त्वाची आहे. भोक खाली असलं की पिल्लं वेळेआधी बाहेर पडतात आणि कावळ्याची चोच तळापर्यंत पोचते.

"सव्वा म्हणजे सव्वाच का? दीड करू, ऐसपैस होईल," मिस्त्री म्हणाले.

"नको मिस्त्री, दीडला आपण साळुंकीच्या जवळ जातो. सव्वात चिमणी जाते, साळुंकी अडते. सगळं त्या दोन सुतांवर आहे."

त्यांनी मान हलवली आणि सहाही पेट्यांची भोकं पट्टी लावून माझ्यासमोर पाडली. आतल्या बाजूला रंधा मारायचा नाही हे त्यांना पटवायला मात्र वेळ लागला. चांगल्या कारागिराला खरखरीत लाकूड सोडवत नाही. पिल्लं भोकापर्यंत चढतात ती त्याच खरखरीवर. शेवटी त्यांनीच एक युक्ती काढली. भोकाखाली आतून करवतीने आडवे चरे ओढले, शिडीसारखे. त्यानंतर मी सगळ्यांना तेच सांगतो.

तळाला चार कोपऱ्यांत दोन सुतांची भोकं, ओल निघून जायला. दोन्ही बाजूंना छपराखाली तशीच भोकं, हवेला. छप्पर बिजागरीवर, पुढे कडी, म्हणजे साफ करता येईल. खिळ्यांऐवजी स्क्रू. रंग नाही. बाहेरून फक्त कच्च्या जवसाच्या तेलाचा हात, आणि मग तीन आठवडे सावलीत वाळवण. दांडी अर्थातच नाही.

दयाळासाठी एक वेगळी पेटी केली. तळ सहा इंच, भोक अडीच इंचाचं. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

भिंत कोणती

बंगल्याला चार भिंती. पश्चिम उन्हाने बाद. दक्षिण आणि पश्चिम या दोन्ही बाजूंना पावसाळ्यात वारा थेट मारतो, साताऱ्यात आषाढात त्या भिंती आठवडाभर वाळत नाहीत. राहिल्या पूर्व आणि उत्तर. पूर्वेला परस, शेजारचं कौलारू घरही त्याच बाजूला, आणि पहिल्या मजल्याच्या स्लॅबला दीड हाताचा छज्जा. सकाळचं कोवळं ऊन येतं, अकरानंतर सावली. वळीव कुठल्या बाजूने झोडपेल त्याचा नेम नसतो, त्याला छज्जा आहे.

छज्जाखाली, जमिनीपासून साधारण दहा फुटांवर पाच पेट्या लावल्या. एकमेकींत अडीच-तीन फुटांचं अंतर. चिमण्यांना शेजार हवा असतो, त्यामुळे एकच पेटी लावण्यापेक्षा तीन-चार लावलेल्या बऱ्या. सहावी उत्तरेच्या भिंतीवर. प्रत्येक पेटी किंचित पुढे झुकती, म्हणजे पाणी तोंडात जात नाही. छपराला उतार असल्यामुळे पारव्यांना तिथे बैठक मारता आली नाही, ही मावशीची मोठी काळजी मिटली. जवळ मांजराला उडी मारता येईल असं काही नाही ना, हे मी शिडीवरून आणि मग मांजराच्या उंचीवर वाकून, दोन्हीकडून पाहिलं. एक पाण्याचा पाइप चौथ्या पेटीच्या अगदी शेजारून जात होता. ती दोन हात सरकवली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काम झालं. मावशीने गुलाबांवर महिन्याला औषध मारायचं बंद केलं, हे मी त्याच कामाचा भाग धरतो. दाणे मोठ्या चिमणीला चालतात. पिल्लांना सुरुवातीचे दिवस किडे, अळ्या, मावा लागतो. वालाच्या वेलावर मावा पडला की आपण हळहळतो, पण चिमणीच्या जोडीला तो वेल म्हणजे घराशेजारचं वाण्याचं दुकान. विहिरीजवळ दोन हात लांबीची जागा उकरून मऊ माती मोकळी ठेवली, आणि उथळ मातीच्या ताटलीत पाणी.

कॅलेंडरवरच्या नोंदी

मावशी भिंतीवरच्या कालनिर्णयवर दूध, गॅस आणि मोलकरणीचे खाडे लिहिते. तिथेच तिने चिमण्यांचं लिहायला सुरुवात केली.

11 फेब्रुवारीला पहिली नोंद: "दोन नंबर, चिमणा भोकात बसून ओरडतोय." नर आधी जागा धरतो, तोंडाशी बसून छाती फुगवून ओरडतो, पसंत पडली तर मादी आत जाते. मग काड्या, कापूस, एकदा काकांच्या जुन्या स्वेटरचा दोरा. गुढीपाडवा 22 मार्चला होता, त्यानंतर चौथ्या दिवशी, 26 ला, आतून पिल्लांचा आवाज. 10 एप्रिलला "सकाळी दोन बाहेर, संध्याकाळी तिसरं". चिमणी अकरा ते चौदा दिवस अंडी उबवते आणि पिल्लं साधारण पंधरा दिवसांत उडतात. मावशीच्या तारखा त्यात चपखल बसल्या. त्या दिवशी तिने मला फोन केला आणि नुसता रिसीव्हर खिडकीबाहेर धरला.

त्या हंगामात पाचपैकी तीन पेट्या लागल्या: दोन, चार आणि पाच. मधली तीन नंबरची रिकामी राहिली. ओळीने पेट्या लावल्या की मधली एखादी रिकामी राहते, हे मी इतरत्रही पाहिलं आहे. शेजारी नर बसलेला असला की नवा नर तिथे टिकत नाही.

शेजारच्या घराचं काम अक्षय तृतीयेला, 22 एप्रिलला सुरू व्हायचं होतं. मावशी त्यांच्याकडे गेली. वळचणीला अजून दोन ठिकाणी पिल्लांचे आवाज होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी हलवणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. तो कागद मी मावशीला पाठवून ठेवला होता. तिने तो दाखवलाच नाही. "मुहूर्ताला कुदळ मारा, पण कौलांना पंधरा दिवस हात लावू नका," एवढंच म्हणाली. शेजारच्या काकांनी मागच्या संडासाच्या भिंतीपासून सुरुवात केली आणि कौलं मेच्या दुसऱ्या आठवड्यात उतरवली. तोपर्यंत पिल्लं उडाली होती. ऑगस्टच्या विणीला तीन नंबरची पेटीही लागली. ती जोडी शेजारचीच होती का, हे खात्रीने सांगता येणार नाही. तसं असावं, असं आम्हा दोघांना वाटतं.

दयाळाची पेटी आणि साळुंक्या

ही गोष्ट माझ्या हिशेबाप्रमाणे झाली नाही. दयाळाची अडीच इंची भोकाची पेटी मी पेरूवर, नऊ फुटांवर बांधली होती. खिळे न मारता, जुन्या रबरी नळीतून तार ओवून, म्हणजे साल कापत नाही. मेमध्ये तिच्यात साळुंक्या शिरल्या. अडीच इंचांचं भोक साळुंकीसाठी उघडं दारच. त्यांनी आत जे भरलं ते नंतर नोव्हेंबरमध्ये मी पेपरवर काढून पाहिलं: बिस्किटांच्या पुड्यांचे कागद, सुतळी, कोंबडीची पिसं, आणि सगळ्यात वर सापाच्या कातीचा वीतभर तुकडा, जाळीदार, अजून न फाटलेला. साळुंक्या अशी कात आणतात हे वाचलं होतं, हातात पहिल्यांदाच आली.

काकांचं म्हणणं होतं, साळुंक्यांना हाकलायला हवं होतं. मला ते पटत नाही. साळुंकी इथलीच आहे, तिलाही ढोली लागते आणि म्हातारी झाडं तिच्याही वाट्याला राहिलेली नाहीत. ऑस्ट्रेलियात माणसांनी नेऊन सोडली आणि तिथल्या पक्ष्यांना जड झाली, ती गोष्ट वेगळी. आपल्या परसात तिला पेटी लागली तर लागू द्यावी आणि दयाळासाठी दुसरी सोय करावी.

दयाळ भिंतीतल्या कोनाड्यात, पाइपात, पडक्या विहिरीच्या भोकात घरटं करतो. त्याला चिमणीइतकं बंदिस्त नको असतं. म्हणून मिस्त्रींकडून एक अर्धी उघडी पेटी करून घेतली, समोरची फळी खालून फक्त चार इंचांची, वरचा भाग मोकळा. अशी पेटी उघड्यावर लावली तर कावळ्याला ताट वाढल्यासारखं होईल. ती मधुमालतीच्या वेलात, विहिरीकडच्या भिंतीवर, सात फुटांवर अशी बसवली की समोर उभं राहूनही दिसू नये. 2024 च्या एप्रिलमध्ये दयाळाची मादी तिच्यात बसली. अंडी एकटी मादी उबवते, नर बाहेरून पहारा देतो आणि गातो. मावशीने त्या काळात विहिरीकडे कपडे वाळत घालणं बंद केलं. पिल्लं चार की पाच, ते नीट मोजता आलं नाही, कारण आम्ही कुणी वेल बाजूला केला नाही.

साफसफाई

5 ते 12 नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. 5 ला निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा. पेट्या साफ करायला मी तोच आठवडा धरतो. विणी संपलेल्या असतात आणि लक्षातही राहतं. जुनं घरटं तसंच ठेवलं तर त्यात पिसवा आणि उवा पुढच्या पिल्लांची वाट बघत बसतात. तोंडाला फडकं बांधून घरटं काढायचं, आत उकळतं पाणी ओतायचं, दोन दिवस उन्हात, मग परत जागेवर. कीटकनाशक मारायचं नाही.

पहिल्या वर्षीच्या सफाईत चार नंबरच्या पेटीत एक वाळलेलं पिल्लू निघालं. पूर्ण वाढलेलं, पंख तयार. उजव्या पायाला हिरव्या नायलॉनचा दोरा, चार-पाच वेढे, दुसरं टोक घरट्याच्या काड्यांत गुंतलेलं. संक्रांतीचा मांजा. भावंडं उडून गेली आणि हे बांधलेलं राहिलं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी फेब्रुवारीत झाडाझाडावर तो लोंबताना दिसतो, आणि फेब्रुवारी म्हणजे नेमका काड्या गोळा करण्याचा महिना. तेव्हापासून संक्रांतीनंतरच्या रविवारी मावशी गल्लीतल्या पोरांना घेऊन मांजा गोळा करते. जेवढा दोरा आणाल त्या मानाने तिळाच्या वड्या.

2024 अखेरची स्थिती

पूर्वेच्या पाचही पेट्या दुसऱ्या हंगामात लागल्या, काहींत दोनदा वीण झाली. साळुंक्या पेरूवरच आहेत. शेजाऱ्यांचं नवं घर उभं राहिलं आणि त्यांनी गिलावा करताना गवंड्याला सांगून पूर्वेच्या छज्जाखाली चार कोनाडे सोडले. मिस्त्रींनी त्यांना सव्वा इंची भोकाच्या फळ्या बसवून दिल्या, स्क्रूवर, काढता येतील अशा.

उत्तरेच्या भिंतीवरची सहावी पेटी मात्र दोन्ही वर्षं रिकामी राहिली. तिच्यात एकदा गांधीलमाशांचं पोळं झालं होतं, एवढंच. ती बाजू बोळाकडे आहे, समोर झुडूप किंवा फांदी नाही. चिमणीला पेटीत शिरण्याआधी जवळच कुठेतरी टेकून चहूकडे बघायचं असतं, ती सोय तिथे नाही असा माझा अंदाज. नोव्हेंबरच्या सफाईत ती उतरवली आणि पूर्वेच्या ओळीत, पेरूच्या फांदीसमोर लावली. मावशीने कालनिर्णयवर तारीख लिहून ठेवली आहे.